चोकची केबल तापली तेव्हा दोष सापडला

जुना फोर बाय फोर ट्रक घरीच खोलला होता, चासी घासून, प्राइमर मारून, वर काळ्या रंगाचे दोन हात, अगदी आरशासारखी झाली होती. इंजिन बसवलं, चावी फिरवली आणि स्टार्टर नुसता घूं घूं करून गप्प. बॅटरी नवी, १२.६ व्होल्ट दाखवतेय, म्हणून मी थेट स्टार्टरवरच संशय घेतला, तो खोलला, कार्बन ब्रश बदलले, बुश बदलले, दोन रविवार गेले आणि परत तेच रडगाणं.

मग एकदा सेल्फ (म्हणजे स्टार्टर) मारताना चोकच्या नॉबला, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना कार्बोरेटरची हवा कमी करायला ओढतात त्या नॉबला, हात लागला तर चटकाच बसला! चोक कशाला तापेल? तिथे ट्यूब पेटली. इंजिन रबर माउंटवर असतं, करंटला बॅटरीकडे परत जायला अर्थची पट्टी लागते, आणि ती मी चासीवरच्या माझ्याच त्या सुंदर रंगावर बोल्ट केली होती, रंगातून करंट जात नाही. मग स्टार्टरचा एवढा करंट इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणाऱ्या चोकच्या त्या बारक्या धातूच्या केबलमधून वाट काढत होता बिचारा.

इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढली, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन ब्लॉकला, भावाला म्हटलं मार सेल्फ. ३ व्होल्टच्या वर ड्रॉप, म्हणजे तेवढे व्होल्ट अर्थच्या वाटेतच वाया! अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. रंग खरवडून लोखंड चमकवलं, नवी जाड पट्टी, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. आता ०.२ येतंय आणि गाडी लगेच सुरू होते. चोकच्या केबलचं आतलं प्लास्टिक मात्र वितळलं होतं, तीही बदलली.