वर्डचा अर्ज शिकवताना आधी स्पेसबार सोडवा

नववी-दहावीच्या मुलांना वर्डमध्ये रजेचा अर्ज टाइप करायला दिला की तारीख उजवीकडे नेण्यासाठी बहुतेक जण स्पेसबार दाबत बसतात. पडद्यावर सगळं नीटच दिसतं, त्यामुळे चूक पटत नाही. म्हणून तोंडी सांगण्याआधी एक चाचणी घ्या. कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडायला लावा आणि अक्षरांचा आकार १२ वरून १६ करा. स्पेस देऊन सरकवलेली तारीख पुढच्या ओळीवर घसरते, सह्या वेड्यावाकड्या होतात. अक्षराबरोबर स्पेसची रुंदीही बदलते, हे मुलांना तिथेच दिसतं.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबून लपलेल्या खुणा दाखवा (लिब्रेऑफिस या वर्डसारख्याच मोफत सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ१०). स्पेस ठिपक्यासारखी, टॅब बाणासारखा दिसतो. तारखेच्या ओळीत ठिपक्यांची रांग दिसली की ती पुसायची आणि ओळ उजवीकडे नेण्यासाठी कंट्रोल-आर दाबायचं. बस्स.

खरी अडचण एकाच ओळीत डावीकडे वर्गशिक्षक आणि उजवीकडे मुख्याध्यापक लिहिताना येते. कंट्रोल-आर पूर्ण परिच्छेद हलवतो, तिथे तो चालत नाही. दोन रकान्यांचा तक्ता टाका, उजवा रकाना उजवीकडे जुळवा आणि रेषा काढून टाका. रूलरवर (पानाच्या वरच्या मोजपट्टीवर) उजवा टॅब, म्हणजे मजकूर उजवीकडे जुळवणारी खूण, लावणं जास्त सफाईदार आहे, पण माउसवर हात बसेपर्यंत तक्ताच बरा. नवीन पानासाठी एंटरची रांग नको, कंट्रोल आणि एंटर एकदाच.

गुण देताना छापील प्रत बघू नका. फाइल उघडून खुणा चालू करा.