हवामान निरीक्षणाच्या कामात नव्याने येताय? आधी ओल्या फुग्याचा तापमापक नीट वाचायला शिका

तासगाव भागातल्या एका कृषी हवामान केंद्रावर मी निरीक्षणाचं काम करतो. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना तापमान, वायुदाब, वारा, आर्द्रता, ढग, पाऊस या सगळ्यांच्या व्याख्या तोंडपाठ असतात. माझं त्यांना एकच सांगणं असतं: हे घटक सुटे सुटे शिकू नका. एकातून दुसरा कसा निघतो, तो धागा धरा.

धाग्याचं टोक उन्हात आहे. उन्हाने हवा थेट फारशी तापत नाही. आधी जमीन तापते आणि ती हवेला तापवते. म्हणूनच सूर्य माध्यान्ही डोक्यावर आला तरी कमाल तापमान दुपारी दोन-तीनच्या सुमाराला नोंदवलं जातं. समुद्र मात्र सावकाश तापतो. उन्हाळ्यात वायव्य भारताची जमीन भाजून निघते, तिथली हवा हलकी होऊन वर चढते, दाब उतरतो आणि समुद्रावरची जास्त दाबाची हवा तिकडे धावते. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे हे वारे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येतात. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पावसाळ्यात पवनचक्क्या जोरात फिरतात, त्या याच वाऱ्यावर. वारा येतो त्या दिशेचं नाव त्याला देतात, जातो त्या दिशेचं नाही. वहीत लिहिताना हे पक्कं ध्यानात असू द्या.

आर्द्रतेला मात्र भरपूर वेळ द्या, कारण आमच्या भागात द्राक्षबागेचं निम्मं गणित तिच्यावर चालतं. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशाला जेमतेम १७. म्हणजे बाष्प तेवढंच राहून हवा नुसती गार झाली तरी सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के हवेत आहे ते प्रमाण, वाढते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सोडते, पहाटे पानांवर दव पडतं आणि ओल्या पानावर डाऊनी या बुरशीजन्य रोगाचं भय सुरू होतं. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाला तर पान ओलं असण्याचीही गरज नसते, दमट हवा पुरते. याउलट बेदाण्याच्या शेडवर सगळ्यांना कोरडी हवा हवी असते.

ही आर्द्रता आम्ही दोन तापमापकांवरून काढतो. एकाचा फुगा, म्हणजे पाऱ्याचा खालचा गोळा, कोरडा, दुसऱ्याचा ओल्या मलमलीत गुंडाळलेला. मलमलीतलं पाणी उडताना फुगा गार होतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक मोठा. कोरडा ३५ आणि ओला २० दाखवत असेल तर आर्द्रता २५ टक्क्यांच्या आत आहे. इथे बोअरचं पाणी कधीच वापरू नका. त्यातला क्षार मलमलीवर बसतो, पाणी नीट उडत नाही आणि आर्द्रता खोटीच जास्त दिसते. ऊर्ध्वपातित पाणी घ्या, मलमल वेळच्या वेळी बदला. हे तापमापक ज्या पेटीत ठेवलेले असतात तिचं दार उघडलं की डोळा पाऱ्याच्या पातळीला आणा आणि आधी दशांश वाचा, मग पूर्ण अंश. तुमच्या श्वासाच्या उबेनेही पारा हलतो.

ढग आणि पाऊस समजायला सातारा जिल्ह्यासारखा दुसरा वर्ग नाही. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते. वर दाब कमी (महाबळेश्वरला समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५० हेक्टोपास्कलने), म्हणून ती पसरते, पसरताना गार होते आणि बाष्पाचे थेंब होतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडून तीच हवा पूर्वेकडे खाली उतरते, दाबाखाली आकसून तापते आणि ढग विरतात. माण-खटाव, आटपाडी, जत या पट्ट्याच्या वाट्याला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. एकदा जुलैत महाबळेश्वरहून वाई, फलटणमार्गे म्हसवडपर्यंत एसटीने जा आणि खिडकीबाहेर आभाळ बघत राहा. पुस्तकातली पर्जन्यछाया तुम्हाला वाटेतच भेटेल.

वळवाचं तंत्र वेगळं. तिथे डोंगर लागत नाही, तापलेली जमीनच दमट हवेला उंच ढकलते. म्हणून तो दुपारनंतर येतो आणि एका शिवारात कोसळून शेजारचं कोरडं ठेवतो.

पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लिहितात. शेतकरी "काल रात्री पडला" म्हणतो, वहीत तारीख आजची असते. त्याला आकडा सांगताना ही तारीखही उलगडून सांगा. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, एकराला सुमारे ४,००० लिटर. ठिबकचा हिशेब करणाऱ्याला हा आकडा लगेच उपयोगी पडतो.