वाईट रिव्ह्यू लिहिल्यावर व्यावसायिक अंगावर आला, तर काय करायचं?

मुलाच्या मुंजीला आम्ही केटररला २०० पानं सांगितली होती, पैसे आगाऊ दिले होते. तिसऱ्या पंगतीला मसालेभात संपला, जिलेबी तर वाढप्याच्या हातात दिसलीच नाही. चाळीसेक माणसं पुरी-भाजी खाऊन उठली, त्यात माझ्या सासूबाईंच्या माहेरची सगळी. त्या रात्री मी गूगलवर एक तारा देऊन लिहिलं : ‘एक नंबरचे चोर. लोकांना लुबाडतात. कोणीही जाऊ नका.’

पुढच्या तीन आठवड्यांत रात्री साडेदहाला फोन आले, नवऱ्याच्या ऑफिसात फोन गेला आणि शेवटी २५ लाखांची वकिली नोटीस आली. नोटीस घेऊन मी इमारतीतल्या वकील काकूंकडे गेले. त्यांनी आधी नोटीस वाचलीच नाही, माझा रिव्ह्यू वाचला. म्हणाल्या, ‘‘अगं, चोरीची तक्रार दिलीस का पोलिसात? नाही ना? मग चोर कशाला लिहिलंस? भात संपला, ते लिहायचं.’’

पुढे जे सांगते आहे ते बहुतेक त्यांच्याकडून आणि त्या दोन महिन्यांतून शिकलेलं. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून पायरीनेच सांगते.

पहिली पायरी : उत्तर देऊ नका, काही पुसू नका

धमकीचा फोन आला की दोन गोष्टी हाताला सुचतात. एक, तावातावाने उलट बोलणं. दोन, घाबरून रिव्ह्यू उडवणं. दोन्ही एक दिवस थांबवा. रिव्ह्यू उडवलात तरी समोरच्याने त्याचा स्क्रीनशॉट कधीच काढलेला असतो. उडवल्याने फक्त तुमच्याकडची प्रत जाते.

त्या एका दिवसात पुरावा गोळा करा. तुमच्या रिव्ह्यूचा आणि त्याखालच्या मालकाच्या उत्तराचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि पानाचा पत्ता दिसेल असा. बिल, यूपीआयची नोंद, ऑर्डर ठरवतानाचं व्हॉट्सअ‍ॅप संभाषण, आलेल्या फोनची यादी एका जागी ठेवा. व्हॉइस मेसेज किंवा कॉलचं रेकॉर्डिंग असेल तर मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, कापून ‘महत्त्वाचा भाग’ काढू नका. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. प्रकरण मिटेपर्यंत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

एक साधी वहीसुद्धा करा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाचा फोन, काय म्हणाले. मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत होते आणि तेच पुढे सगळ्यात उपयोगी पडलं.

दुसरी पायरी : स्वतःचा रिव्ह्यू शत्रूच्या नजरेने वाचा

ही पायरी लोक टाळतात. आपण खरे आहोत, मग आपलं लिहिणं कशाला तपासायचं, असं वाटतं. पण समोरच्या वकिलाला भात कमी पडल्याशी घेणंदेणं नसतं. त्याला ‘चोर’ हा शब्द हवा असतो.

कायदा असा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ अब्रूनुकसानीला लागू आहे, आधी भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमं होती. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. मात्र त्याला अपवाद आहेत. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट हा पहिला अपवाद. आपलं किंवा दुसऱ्याचं हित जपण्यासाठी सद्भावनेने केलेलं विधान हा नववा. फौजदारीत नुसतं ‘खरं आहे’ म्हणून भागत नाही, लोकहितही दाखवावं लागतं. दिवाणी दाव्यात विधान खरं असणं हा पुरेसा बचाव आहे.

नवव्या अपवादाचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे शाहेद कमाल विरुद्ध ए. सुर्ती डेव्हलपर्स. मुंबईतल्या सदनिकाधारकांनी बिल्डरविरुद्ध तक्रारींची यादी असलेला फलक लावला होता. बिल्डरने बदनामीची फौजदारी तक्रार केली, मुंबई उच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. १७ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. न्यायालयाने फलकावरची भाषा बारकाईने पाहिली. ती सौम्य होती, त्यात फसवणूक, अफरातफर असे शब्द नव्हते, फक्त गाऱ्हाणी होती. याच फलकावर ‘लुटारू बिल्डर’ असतं तर निकाल काय लागला असता, याचा विचार करून पाहा.

तेव्हा कागद घ्या आणि रिव्ह्यूचे दोन भाग करा. जे मी डोळ्यांनी पाहिलं आणि ज्याचा कागद आहे, ते एकीकडे. जे माझं विशेषण आहे, ते दुसरीकडे. मग दुसरा भाग काढून टाका. माझा रिव्ह्यू बदलून असा झाला :

‘१४ मे रोजी मुंजीसाठी २०० पानांची ऑर्डर होती, पैसे आगाऊ दिले. तिसऱ्या पंगतीला मसालेभात आणि जिलेबी संपली, सुमारे ४० जणांना पूर्ण जेवण मिळालं नाही. तेवढ्या पानांचे पैसे परत मागितले, १० दिवस उत्तर आलं नाही. आमटीची चव मला आवडली नाही.’

शेवटचं वाक्य मत आहे आणि ते मत म्हणूनच लिहिलं आहे. चव आवडली नाही म्हणण्याला कोणाची हरकत असू शकत नाही. ‘जेवणातून विषबाधा झाली’ हे मत नाही, तो आरोप आहे आणि त्याला डॉक्टरचा कागद लागतो. दवाखान्यांबद्दल लिहिताना तर जास्तच जपा. किती वेळ थांबवलं, बिलात काय लावलं, कोण कसं बोललं ते लिहा. ऑपरेशन चुकलं की नाही हे आपण ठरवू शकत नाही.

जुना मजकूर जपून ठेवल्यावरच बदल करा. बदलला म्हणजे हार मानली, असं काही नाही.

तिसरी पायरी : एकदाच, लेखी उत्तर

फोनवर बोलणं बंद. एक संदेश पाठवा, ईमेल असेल तर उत्तम :

‘तुमच्या सेवेबद्दलचा माझा अनुभव मी लिहिला आहे. त्यातली एखादी माहिती चुकीची असेल तर कोणती ते लेखी कळवा, कागद पाहून मी दुरुस्त करीन. यापुढे फोन करू नये, माझ्या घरच्यांशी किंवा त्यांच्या कार्यालयाशी संपर्क करू नये.’

बस. नंतर चाळीस मेसेज आले तरी उत्तर नाही.

आणि एक वाक्य कधीच लिहू नका : ‘पैसे द्या, नाहीतर आणखी वाईट लिहीन.’ आपल्याला तो हक्काचा आवाज वाटतो, पण समोरचा ते खंडणीची धमकी म्हणून पुढे करतो. पैसे मागायचेच, पण पैशांचं पत्र वेगळं आणि रिव्ह्यूचा विषय वेगळा.

नोटीस आली तर

वकिलाची नोटीस हा कोर्टाचा आदेश नाही. ते एका माणसाच्या वतीने दुसऱ्याने लिहिलेलं पत्र आहे. २५ लाख, ५० लाख, एक कोटी, लिहायला खर्च काहीच नाही. दिवाणी दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते आणि तिथे बऱ्याच जणांचा आवेश गळतो. मुदतीचा कायदा अब्रूनुकसानीच्या दाव्याला एक वर्ष देतो. फौजदारी तक्रारीला मात्र तीन वर्षं मिळतात, म्हणून वर्ष उलटलं की फाइल जाळू नका.

तरी नोटिशीला उत्तर द्याच, आणि दिलेल्या मुदतीत. गप्प राहिलो तर पुढे ‘संधी देऊनही काही म्हणणं नव्हतं’ असं चित्र उभं राहतं. उत्तर वकिलाकडून, स्पीड पोस्टाने, पावती जपून. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेप्रमाणे.

नोटिशीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ (ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं) दिसलं तर हसून पुढे जा. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, त्या गदारोळानंतर हेच कलम श्रेया सिंघल खटल्यात पोहोचलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला ते रद्द केलं.

कोर्टाचं समन्स मात्र वेगळी गोष्ट आहे. ते आलं तर त्याच दिवशी वकील गाठा आणि तारखेला हजर राहा.

‘साहेबांनी बोलावलंय’

ओळखीच्या हवालदाराकडून फोन करवणं हा आवडता डाव. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करायची असते, आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. म्हणून नम्रपणे विचारा : ‘‘लेखी नोटीस द्याल का? कोणत्या प्रकरणात बोलावलंय?’’ बहुतेक वेळा फोन तिथेच संपतो. वाद घालू नका, आवाज चढवू नका. बोलणाऱ्याचं नाव, पद, ठाणं तेवढं लिहून घ्या.

उलट, तुम्हाला मारण्याची, घरी येऊन बघून घेण्याची धमकी आली असेल तर पोलिसात तुम्ही जा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ धमकीला लागू होतं. कॅलेंडरवरच्या नोंदी, स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग घेऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली तरी तिची प्रत मागा. ऑनलाइन छळ असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते.

तुमचा नंबर, पत्ता, फोटो चव्हाट्यावर टाकला तर

चिडलेले मालक कधी कधी रिव्ह्यूच्या उत्तरात ग्राहकाचा फोन नंबर टाकतात किंवा खाजगी चॅट स्टेटसला लावतात. इथे ते स्वतःच अडकतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहकाने विश्वासाने दिलेली खाजगी माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी स्क्रीनशॉट, मग त्या संकेतस्थळाकडे ‘वैयक्तिक माहिती’ या कारणाखाली तक्रार.

तुमचा स्वतःचा व्यवसाय असेल तर त्यावर एका रात्रीत दहा-बारा एक-ताऱ्यांचे रिव्ह्यू पडू शकतात. प्रत्येकाला उत्तर देत बसू नका. सगळे एकत्र गूगलला कळवा आणि ‘या नावाचा ग्राहक आमच्या नोंदीत नाही’ एवढंच लिहा. तुमचा खरा रिव्ह्यू गूगलने काढला तर अपील करता येतं. मालकाला तो स्वतःच्या हाताने पुसता येत नाही, फक्त तक्रार करता येते.

बिलाच्या मागे बारीक अक्षरात ‘वाईट लिहिल्यास दंड’ असं असेल तर अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांना निश्चिंत राहायला सांगा. युटामधल्या एका जोडप्याकडे एका ऑनलाइन दुकानाने अशा अटीखाली ३,५०० डॉलर मागितले होते, ते प्रकरण गाजलं, आणि २०१६ च्या कायद्याने ठरावीक नमुन्याच्या करारातल्या अशा अटी तिथे निरर्थक ठरवल्या. आपल्याकडे नेमका असा कायदा नाही. पण नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारा करार ‘अनुचित करार’ ठरू शकतो, आणि ती तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे जाते.

शेवटची पायरी : मूळ भांडण ग्राहक आयोगात न्या

रिव्ह्यूच्या भांडणात मूळ गाऱ्हाणं हरवतं. समोरच्याला तेच हवं असतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, अनेक प्रकरणं तिथेच हलतात. नाही हलली तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे चालते, ५ लाखांपर्यंत फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. वकील सक्तीचा नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. तक्रारीत त्रासदायक फोनची तारीखवार यादी जोडा आणि मानसिक त्रासाची भरपाई वेगळी मागा.

आम्ही १९१५ वर तक्रार केली, वकील काकूंनी नोटिशीला दीड पानी उत्तर दिलं, आणि आठवड्याभरात केटररचा भाऊ मिटवायला आला. पैसे देतो, रिव्ह्यू काढा, म्हणाला. तडजोडीत गैर काही नाही, पण ती कागदावर हवी. किती पैसे, कोणत्या तारखेला, आणि नोटीस मागे घेतली असून पुढे कोणताही दावा करणार नाही हे स्पष्ट लिहिलेलं. पैसे खात्यात आल्यावरच रिव्ह्यूला हात लावायचा. मी काढायला तयार झाले नाही, भर घालायला झाले. ४० पानांचे पैसे आले, त्या रात्री रिव्ह्यूखाली एक ओळ वाढवली : ‘१२ जुलै रोजी ४० पानांचे पैसे परत मिळाले.’