वापरलेली रेप्लिका कोब्रा घेताना काय काय तपासावं

अमेरिकन रेसर कॅरल शेल्बीने १९६२ साली एसी कंपनीच्या हलक्या इंग्लिश गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि कोब्रा तयार झाली. पुढच्या पाचेक वर्षांत अशा जेमतेम हजारभर गाड्या बनल्या. त्यातली सगळ्यात पहिली, सीएसएक्स २००० या चासी नंबरची गाडी २०१६ साली अमेरिकेतल्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. तुमच्याआमच्या आवाक्यात उरते ती रेप्लिका: फायबरची बॉडी, लोखंडी नळ्यांची चासी आणि खाली कुठल्यातरी जुन्या फोर्डचे किंवा जॅग्वारचे सुटे भाग. इंग्लंडमध्ये डॅक्स, पिलग्रिम, एके, गार्डनर डग्लस अशा छोट्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं हे किट विकले आणि लोकांनी ते आपापल्या गॅरेजमध्ये जोडले.

सगळा प्रश्न त्या जोडण्यात आहे. एकाच कंपनीच्या एकाच किटपासून दोन माणसांनी दोन गाड्या बांधल्या, तर एक वीस वर्षं सुखाने चालते आणि दुसरी पहिल्या पावसात बंद पडते. म्हणून किटचं नाव ऐकून हुरळून जाऊ नका. ती गाडी कुणी, कशी आणि किती सबुरीने बांधली हे शोधायचं आहे. मी इंग्लंडमध्ये राहतो. स्वतःची गाडी घेण्याआधी चार गाड्या पाहून हात हलवत परत आलो होतो. त्या फेऱ्यांतून शिकलेला क्रम खाली देतोय.

पहिली पायरी: घरबसल्या कागद

विक्रेत्याकडून आधी नंबर प्लेट आणि लॉगबुकचा, म्हणजे व्ही५सीचा फोटो मागा. लॉगबुकावर गाडीची जी ओळख लिहिली आहे, ती समोर उभ्या असलेल्या गाडीशी जुळते का? ही या खरेदीतली सगळ्यात मोठी मेख आहे. किट बांधताना लोक जुनी सिएरा किंवा जॅग्वार मोडून तिचे भाग वापरतात. नियमाप्रमाणे नव्या गाडीची तपासणी आणि नोंदणी वेगळी व्हायला हवी. काहींनी ती खटपट टाळली आणि मोडलेल्या गाडीचंच लॉगबुक पुढे चालवलं. असं लॉगबुक म्हणतं 'फोर्ड सिएरा, सलून', आणि अंगणात मात्र दोन दारांची उघडी कोब्रा उभी असते. गाडी कितीही देखणी असली तरी अशी घेऊ नका. नोंद रद्द झाली किंवा विमा कंपनीने दावा फेटाळला, तर निस्तरावं तुम्हालाच लागेल.

हौशी लोकांनी बांधलेल्या गाड्यांसाठी ब्रिटनमध्ये १९९८ साली एसव्हीए ही तपासणी आली आणि २००९ पासून तिची जागा आयव्हीएने घेतली. त्यामुळे १९९८ नंतर नोंदवलेल्या रेप्लिकाजवळ पास झाल्याचा कागद असायला हवा. त्याआधी रीतसर नोंदवलेल्या गाडीजवळ तो नसेल, तर त्यात काही वावगं नाही.

क्यू अक्षराने सुरू होणारी नंबर प्लेट पाहून पुष्कळजण नाक मुरडतात. भाग निरनिराळ्या गाड्यांतून आले आणि गाडीचं वय ठरवता आलं नाही, की डीव्हीएलए, म्हणजे ब्रिटनची वाहन नोंदणी करणारी सरकारी संस्था, असा नंबर देते. माझ्या मते ती प्रामाणिकपणाची खूण आहे. खोट्या ओळखीच्या 'क्लासिक' गाडीपेक्षा क्यू प्लेटची गाडी मी डोळे झाकून निवडेन. विकताना थोडी किंमत कमी येते एवढंच, आणि घेतानाही ती कमीच द्यावी लागते.

एमओटीचा, म्हणजे गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, २००५ पासूनचा. तो शांतपणे वाचा. रेप्लिकाचं स्पीडोमीटर कुठूनतरी आणून बसवलेलं असतं, त्यामुळे त्यावरचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. एमओटीच्या नोंदींतून दरवर्षी गाडी किती चालली हे मात्र कळतं. 'ब्रेक एका बाजूला ओढतो' हा शेरा लागोपाठ तीन वर्षं दिसला, तर मालकाचा स्वभावही कळतो.

गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची आहे का, अपघातात निकामी ठरली होती का, हे थोडे पैसे भरून तपासता येतं. ते पैसे वाचवू नका. लॉगबुकावर नाव असतं ते नोंदणीकृत वापरणाऱ्याचं. तो मालकीचा पुरावा नव्हे, हे त्याच कागदावर छापलेलं असतं.

दुसरी पायरी: फोनवर तीन प्रश्न

गाडी कुणी बांधली? बांधतानाचे फोटो आणि पावत्या आहेत का? कुठला भाग कुठल्या गाडीचा, याची यादी आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर लोक अडखळतात, आणि पुढची दहा वर्षं तोच प्रश्न तुमच्या कामाचा असतो. पुढची बेअरिंग कॉर्टिनाची की सिएराची, स्टीअरिंग रॅक कशाचा, क्लचचा सिलिंडर कशाचा, हे माहीत नसेल तर दीडशे रुपयांच्या रबरी सीलसाठीही गाडी महिनाभर अडून राहते. ज्याने गाडी जीव ओतून बांधली आहे, त्याच्याकडे जाडजूड फाइल असते आणि ती दाखवायला तो उतावीळ असतो. शेवटी एक विनंती करा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.

तिसरी पायरी: बॉडी

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहा. फायबरला गंज चढत नाही, पण त्याचे स्वतःचे आजार असतात. बिजागऱ्या, दाराचे कोपरे आणि बोनेटच्या कडा यांजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात का ते बघा. वरच्या थरातल्या, जेलकोटमधल्या रेषा असतील तर घासून, भरून, रंगवून दुरुस्ती होते. काम वेळखाऊ आणि महाग असतं, पण होतं. रेषा एका बिंदूपासून तारकेसारख्या पसरल्या असतील, तर तिथे आतून कधीतरी धक्का बसला आहे. आतली बाजू हाताने चाचपा. दुरुस्तीसाठी नंतर चिकटवलेली फायबरची जाडसर मॅट बोटांना लागते.

बोटाच्या पेराने बॉडीवर टकटक करत जा. आवाज सगळीकडे सारखा यायला हवा. मध्येच बोदा आवाज आला तर तिथे फिलर थापलेलं असू शकतं. दाराच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का, तेही पाहा. बांधणाऱ्याच्या सबुरीची परीक्षा इथेच होते, कारण फायबरचं दार बसवायला अनेक संध्याकाळी जातात.

चौथी पायरी: खाली झोपा

इथे घाई करू नका. जुने कपडे, टॉर्च आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली कधीही शिरू नका. स्टँड लावलेच पाहिजेत. शक्य असेल तर जवळच्या गॅरेजमध्ये पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवा.

चासीवर बहुधा पावडर कोटिंग असतं. ते दिसायला चकचकीत आणि टिकाऊ, पण एकदा खडा लागून टवका उडाला की पाणी त्या थराखाली शिरतं आणि आतल्या आत गंज पसरतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे हे आणखी लवकर होतं. कोटिंग फुगलेलं दिसलं तर मालकाच्या परवानगीने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. पोपडा उचलला जाऊन तांबडी भुकटी पडली, तर नळी किती खाल्ली गेली आहे हे कळल्याशिवाय पुढे बोलूच नका. मी पाहिलेली दुसरी गाडी अशीच होती. वरून आरशासारखा निळा रंग, आणि मागच्या सस्पेन्शनच्या आधाराजवळ नळीत माझं करंगळीचं टोक गेलं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

वेल्डिंगचे सांधे एकेक करून बघा. कारखान्यात केलेलं वेल्डिंग एकसारखं दिसतं. मध्येच ओबडधोबड गाठी दिसल्या, तर मागाहून काहीतरी कापून जोडलंय. का जोडलं, ते विचारा. मागचा भाग जुन्या जॅग्वारचा असेल तर ब्रेकच्या चकत्या बहुधा चाकांजवळ नसतात, डिफरन्शिअलला, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याला, खेटून आत असतात. तिथली उष्णता ऑइल सील खाते, तेल चकतीवर येतं आणि ब्रेक दुबळा होतो. काम अडचणीच्या जागी असल्याने मजुरीही चढी लागते. तिथे ओलसर दिसलं तर तो खर्च किमतीतून वजा करायला लावा.

टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. या गाड्या वर्षातून मोजके रविवार बाहेर पडतात, त्यामुळे टायरची नक्षी कोरीकरकरीत असते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. दहा वर्षांचे टायर आणि ३०० घोड्यांची ताकद ही जोडी ओल्या रस्त्यावर जिवावर बेतू शकते.

पाचवी पायरी: वायरिंग

घरी बांधलेली गाडी रस्त्यात थांबली, तर पहिला संशय मी वायरिंगवर घेतो. साध्या गाडीत लोखंडी बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत जाणारी अर्थची वेगळी वायर लागते. ती ढिली झाली की दिवे विचित्र वागायला लागतात. म्हणून हेडलाइट लावा, मग इंडिकेटर, मग ब्रेक दाबा. इंडिकेटरबरोबर दुसराच दिवा लुकलुकला किंवा ब्रेक दाबल्यावर बाकीचे मंदावले, तर दोष अर्थिंगमध्ये आहे.

मग डॅशबोर्डच्या खाली डोकवा. वायरी बांधून, रंगांप्रमाणे ओळीने नेलेल्या हव्यात. एकाच रंगाच्या दहा वायरी, इन्सुलेशन टेपचे बोळे आणि चिमट्याने दाबलेले निळे जोड दिसले, तर पूर्ण वायरिंग नव्याने करण्याचा खर्च धरा.

सहावी पायरी: इंजिन

बोनेटवर हात ठेवून इंजिन खरंच थंड आहे ना, ते पाहा. मग सुरू करायला सांगा. थंड इंजिन स्वतःचं दुखणं लपवू शकत नाही. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. गोडसर वासाचा आणि न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरतंय. सुरू झाल्यावर निदान वीस मिनिटं उभ्या गाडीत चालू द्या आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. पंखा आपोआप लागून काटा खाली आला पाहिजे.

बाजूला ४२७ चा बिल्ला असेल तर त्यावर जाऊ नका. ४२७ घन इंच म्हणजे सात लिटर, आणि अनेक रेप्लिकांत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ असतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. रोव्हरचं इंजिन हलकं आणि गोड आहे, मला स्वतःला ते आवडतं. फक्त पैसे सात लिटरचे देऊ नका, आणि इंजिनाचा नंबर व क्षमता लॉगबुकाशी ताडून बघा.

सातवी पायरी: बसा, मग चालवा

आधी विक्रेत्याला चालवू द्या. शेजारी बसून ऐका: खडखड, गिअर बदलतानाची कुरकुर, वळणावरचा हुंकार. विमा असल्याशिवाय स्वतः स्टीअरिंग धरू नका. पाय ठेवायची जागा अरुंद असते आणि पेडल एका अंगाला सरकलेली असतात. माझ्या उंच मित्राचा बूट ब्रेक आणि क्लच दोन्हींवर एकदम पडत होता, आणि त्याने तिथेच नाद सोडला. उतरताना साइड पाइपला, म्हणजे दाराखालून जाणाऱ्या धुराच्या तापलेल्या नळीला, पोटरी लागू देऊ नका, कातडी सोलून निघते.

बहुतेक गाड्यांत पॉवर स्टीअरिंग नसतं, एबीएस नसतं. ब्रेकला जोर लागतो, तो दोष नव्हे. जोरात दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली, किंवा सरळ रस्त्यावर खड्डा लागताच स्टीअरिंग हातातून निसटून वळायला लागलं, तर तो दोष आहे, आणि चासीच्या मापातच चूक असेल तर नुसत्या अलाइनमेंटने तो जात नाही.

भारतातल्या वाचकांसाठी

पुण्या-मुंबईत होंडावर किंवा टोयोटावर चढवलेल्या 'लॅम्बोर्गिनी' विकायला येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. आरसीवर 'सेडान' आणि दारात सुपरकार, अशी गाडी रस्त्यावर काढण्यासाठी घेऊ नका.

शेवटी पैसे

सौदा ठरवण्याआधी किट-कारचा विमा करणाऱ्या कंपनीला फोन करून हप्ता विचारा आणि 'ठरलेल्या मूल्या'ची पॉलिसी मागा. साध्या पॉलिसीत चोरी किंवा जळिताच्या वेळी तुमच्या गाडीचा बाजारभाव काय, यावरच वाद सुरू होतो.

पैसे देताना लॉगबुक, आयव्हीएचा कागद, बांधणीची पुस्तिका, पावत्या, उरलेले सुटे भाग आणि उरलेला रंग, सगळं एकाच फेरीत गाडीत भरून आणा. 'नंतर पाठवतो' म्हटलेलं खोकं सहसा येत नाही. मूळ बांधणाऱ्याचा फोन नंबर मिळत असेल तर त्याला विचारून तोही घ्या. माझ्या गाडीचा क्लच दोन वर्षांनी गेला, तेव्हा सिलिंडर नेमका कुठल्या गाडीचा हे त्याच आजोबांनी फोनवर एका मिनिटात सांगितलं.