गेम चांगलाय, पण स्टीम पेजवर कोणी थांबत नाही? या चुका टाळा

गेमला तीन वर्षं आणि स्टीमवरच्या, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या, स्टोअर पेजला एक रविवार, असा बऱ्याच इंडी (छोट्या, स्वतंत्र) टीमचा हिशोब असतो. मग विशलिस्ट (गेम नंतर घ्यायचा म्हणून लोक नोंदवून ठेवतात ती यादी) हलत नाही म्हटल्यावर पहिला संशय कॅप्सूल आर्टवर, म्हणजे दुकानात सगळीकडे दिसणाऱ्या गेमच्या नाव-चित्रावर जातो, आर्टिस्टला परत पैसे देऊन नवीन चित्र काढून घेतात, आणि आकडे तरी जिथल्या तिथेच. कारण लोक नेमके कुठून परत जातायत हे कोणी बघितलेलंच नसतं.

ते बघायची सोय स्टीमवर्क्समध्येच, म्हणजे स्टीमच्या डेव्हलपरसाठीच्या साईटवरच आहे. तुमचा गेम किती वेळा लोकांच्या डोळ्यासमोर आला आणि त्यातून किती जण पेजवर आले, हे ट्रॅफिकच्या रिपोर्टमध्ये वेगवेगळं दिसतं, आणि विशलिस्टचे आकडे वेगळ्या रिपोर्टमध्ये मिळतात. गेम दिसतोय पण क्लिक होत नाही, तर बहुतेक वेळा दोष कॅप्सूलचा. लोक पेजवर येतायत पण विशलिस्ट न करता जातायत, तर ट्रेलर, स्क्रीनशॉट, मजकूर यात गडबड आहे, तिथे कॅप्सूल बदलून काही होणार नाही. आणि मुळात गेम कुठे दिसतच नाहीये तर आधी टॅग, म्हणजे गेमचा प्रकार सांगणारे शब्द बघा. फक्त सगळ्या ठिकाणचं ट्रॅफिक एकत्र करून सरासरी काढू नका. रेडिटवर तुमचं जिफ बघून आलेला माणूस आधीच अर्धा पटलेला असतो, आणि सर्चमध्ये गेम दिसला म्हणून आलेल्याला काहीच माहीत नसतं, त्यामुळे प्रत्येक सोर्सची लाईन वेगळी वाचा.

चूक: कॅप्सूल २७ इंची मॉनिटरवर फुल स्क्रीन करून पास करणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबतो. स्टीमची स्मॉल कॅप्सूल तुम्ही ४६२ बाय १७४ची देता, पण स्टीम तिच्यापासून अजून लहान साईज आपोआप बनवतं, १८४ बाय ६९ आणि १२० बाय ४५. हो, १२० बाय ४५. एवढ्याशा जागेत तुमची हिरोईन, तिची तलवार, मागचा किल्ला, उडणारे कावळे आणि नक्षीदार लोगो हे सगळं मिळून एक तपकिरी डाग दिसतो. स्मॉल कॅप्सूलमध्ये लोगोनेच जवळपास पूर्ण जागा भरावी असं खुद्द स्टीमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, तरी लोक मोठं चित्र तसंच्या तसं लहान करून टाकतात.

टेस्ट सोपी आहे. तुमच्या जॉनरचं सर्च पेज उघडा, स्क्रीनशॉट घ्या, त्यात एका गेमच्या जागी आपली कॅप्सूल चिकटवा आणि ज्याला गेमबद्दल काहीच माहीत नाही अशा मित्राला फोनवर पाठवा. नाव वाचता येतंय का आणि हा कसला गेम वाटतोय, एवढंच विचारा. हॉररला तो फार्मिंग म्हणाला तर रंग किंवा फॉन्ट चुकलाय, त्याच्याशी वाद घालू नका!

दुसरं म्हणजे एकच चित्र सगळीकडे क्रॉप करणं. हेडर ९२० बाय ४३० आडवं, व्हर्टिकल कॅप्सूल ७४८ बाय ८९६ उभी, मेन कॅप्सूल १२३२ बाय ७०६. आडवं चित्र उभं कापलं की कोणाचं तरी डोकं जाणारच. म्हणून आर्टिस्टशी बोलतानाच सांगा की कॅरेक्टर, बॅकग्राऊंड आणि लोगो वेगवेगळ्या लेयरवर पाहिजेत आणि लेयरवाली फाईल आपल्याला मिळाली पाहिजे, हे नंतर मागितलं की कटकट होते. लायब्ररी हिरो (खेळणाऱ्याच्या लायब्ररीत गेमच्या पानावर वर दिसणारं रुंद चित्र) ३८४० बाय १२४०चा असतो, त्यावर कसलाही मजकूर चालत नाही, लोगो वेगळा पारदर्शक पीएनजी म्हणून द्यायचा. आणि नेटवर अजून ४६० बाय २१५वाले जुने टेम्पलेट फिरतायत, ते वापरू नका, २०२४ मध्ये साईज दुप्पट झाल्यात.

देवनागरी लोगो करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शिरोरेषा, वेलांट्या, रफार हे लहान साईजला एकमेकांत मिसळतात, त्यामुळे जाड अक्षर घ्या, मात्रांना मोकळी जागा द्या आणि नावात जोडाक्षरं कमी असतील तर उत्तमच. पण इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर रेघ ओढून 'इंडियन लुक' आणायचा तो प्रकार, तो कृपया नको. वाचताही येत नाही आणि स्वस्त रेस्टॉरंटचा मेनू वाटतो.

कॅप्सूलवर '९/१०', 'बेस्ट इंडी', '५०% सूट' असलं काही लिहू नका, १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमवर ते चालत नाही. आर्ट, गेमचं नाव आणि अधिकृत सबटायटल, बस. पण हे सबटायटल फार कामाचं असतं आणि लोक ते वाया घालवतात. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेल्या 'राजी'चं पूर्ण नाव 'राजी: ॲन एन्शंट एपिक' आहे. नुसतं राजी वाचून परदेशातल्या माणसाला काही कळलं नसतं, पुढच्या तीन शब्दांत पौराणिक काहीतरी आणि मोठा प्रवास एवढं तरी पोचतं. मोठ्या अपडेटच्या वेळी कॅप्सूलवर त्या अपडेटचं नाव टाकता येतं, पण ते तात्पुरतं, जास्तीत जास्त महिनाभर.

चूक: वर्णनाची सुरुवात 'हजारो वर्षांपूर्वी'ने करणं

शॉर्ट डिस्क्रिप्शनला साधारण ३०० अक्षरं मिळतात आणि त्यातली निम्मी राज्याच्या इतिहासात जातात. वाचणाऱ्याला हवं असतं की मी यात काय करणार. समजा गेम एसटी स्टँडवरच्या कँटीनचा आहे. 'एका विस्मरणात गेलेल्या गावातली हृदयस्पर्शी, अविस्मरणीय सफर' असं लिहिलंत तर त्यात गेम कुठाय? त्याऐवजी 'एसटी स्टँडवरचं कँटीन चालवा, गाडी सुटायच्या आत गिऱ्हाईकांना चहा-भजी पोचवा, उधारी लक्षात ठेवा आणि मॅनेजरला कळू न देता रात्री स्टँडवरच्या पोरांना जेवू घाला'. यात क्रियापदं आहेत, घाई आहे, थोडी गोष्टही आहे. यूनिक, इमर्सिव्ह, एपिक हे शब्द काढून टाका आणि मग वाक्यात काय उरतं ते बघा, काहीच उरलं नाही तर परत लिहा.

मोठ्या वर्णनात मजकुराच्या भिंती नकोत, मध्ये मध्ये गेमप्लेची छोटी जिफ टाका. बाहेरच्या साईटच्या लिंक आणि स्टीमच्या बटणासारखी दिसणारी चित्रं तिथे चालत नाहीत.

स्क्रीनशॉट आणि ट्रेलर

कमीत कमी पाच स्क्रीनशॉट लागतात, आणि ते खऱ्या गेमप्लेचेच पाहिजेत, कॉन्सेप्ट आर्ट नाही. पाचही पहिल्याच लेव्हलचे आणि त्यात एचयूडी (खेळताना स्क्रीनवर दिसणारे आकडे, पट्ट्या, आयकॉन) लपवलेला, असं फार दिसतं. सुंदर दिसतं हो, पण खेळणाऱ्याला तो एचयूडी बघूनच कळतं की हा कार्डगेम आहे का सर्व्हायव्हल. किमान चार स्क्रीनशॉट सर्व वयोगटांसाठी योग्य अशी खूण केलेले ठेवा, यादीत माऊस नेल्यावर तसलेच दाखवले जातात.

ट्रेलर थेट खेळापासून सुरू करा. स्टुडिओचा लोगो, मग इंजिनचा लोगो, मग काळ्या पडद्यावर एक वाक्य, तोपर्यंत माणूस गेलेला असतो. लोगो शेवटी लावा, कोणी रागावत नाही. सिनेमॅटिक करायचाच असेल तर तो दुसऱ्या नंबरला ठेवा.

टॅग २० लावता येतात, ते सगळे भरा, पण वरचे काही नेमके पाहिजेत. 'इंडी' आणि 'ॲडव्हेंचर' वर ठेवून काय मिळणार, ते तर सगळ्यांनाच लागतात. तुमच्यासारखे दहा गेम शोधून त्यांचे टॅग बघा.

एआयने बनवलेलं आर्ट वापरत असाल तर स्टीमला भरून द्यायच्या कंटेंट सर्व्हेच्या फॉर्ममध्ये ते सांगावं लागतं आणि पेजवर तशी नोंद दिसते, हे २०२४ पासून आहे. पैसे वाचवायला कॅप्सूल एआयने केली आणि बाकी सगळा गेम हाताने काढला, तरी खाली ती नोंद येणार आणि कमेंटमध्ये गेम सोडून त्यावरच चर्चा होणार, एवढा विचार करून ठरवा.

आणि हे सगळं नेक्स्ट फेस्टच्या, म्हणजे येऊ घातलेल्या गेमचे डेमो दाखवणाऱ्या स्टीमच्या महोत्सवाच्या आधी उरका. एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे कॅप्सूलची टेस्ट तिथे करू नका. डेमो चढवायच्या आधी भाषांचा तक्ताही एकदा उघडून बघा, हिंदीच्या रांगेत ऑडिओवर टिक आहे आणि गेममध्ये फक्त सबटायटल आहेत असं निघालं तर पहिले निगेटिव्ह रिव्ह्यू त्याचेच येतील.