कराटेत पाय रुजवायचे असतील तर या चुका टाळा

क्लासला नवीन आलेलं पोर पहिल्याच आठवड्यात विचारतं, "सर, किक कधी शिकवणार?" मागोमाग पालकही तेच विचारतात. पाय जमिनीत रुजलेले नसतील तर किक मारणाराच मागे फेकला जातो, हे दर बॅचला सांगतो. तरी चुका त्याच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गुडघा आत पडणं. झेनकुत्सु-दाची म्हणजे पुढे लांब पाऊल टाकून घेतलेला पवित्रा, त्यात पुढचा पाय वाकलेला, मागचा ताणलेला, आणि साधारण 60 टक्के भार पुढच्या पायावर. किबा-दाची म्हणजे घोड्यावर बसल्यासारखा पवित्रा, तिथे भार दोन्ही पायांवर सारखा. दोन्हीकडे गुडघा पावलाच्या दिशेनंच वाकायला हवा. मांडी दमली की तो हळूच आत सरकतो आणि मांडीनं पेलायचा भार गुडघ्याच्या सांध्यावर येतो.

माझ्याकडे नववीतला एक मुलगा होता. ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या बेल्टची परीक्षा, जवळ आलेलं. मोबाईलवर कुणाची तरी खूप खाली बसलेली किबा-दाची बघून तो घरी रोज अर्धा अर्धा तास तसाच बसायला लागला. क्लासमध्ये तो इतका खाली बसलेला पाहून मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. गुडघे आत पडलेत, हे मी पाहिलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात तो कठडा धरून जिना उतरताना दिसला. गुडघा सुजला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे सराव बंद करायला सांगितला, ग्रेडिंग हुकलं. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी आधी गुडघा बघतो. कोण किती खाली बसलंय, ते नंतर.

यावर माझी एक सवय आहे. तळवे ओले करायचे, शहाबादी फरशीवर पवित्रा घ्यायचा, दहा श्वास थांबायचं आणि उचलून पाऊल टाकत बाजूला व्हायचं. फरशीवर ठसा उरतो. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्ही जागा उमटल्या पाहिजेत. करंगळीकडची कड पुसट आणि आतली कमान भरलेली दिसली, तर गुडघा आत पडलाय असं समजा. झेनकुत्सुत मागच्या टाचेचा ठसाच नसेल, तर पवित्रा झेपतो त्यापेक्षा लांब घेतलाय. अर्धं पाऊल कमी करा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी चूक रेलण्याची. जोडीदारानं छातीवर हात ठेवून ढकललं की मुलं त्याच्यावर अंग टाकतात आणि हललो नाही म्हणून खूश होतात. जोडीदारानं हात झटकन काढला की पुढे झेपावतात. ढकलणं सुरू झालं की माकडहाड किंचित खाली-आत घ्या, गुडघे सैल ठेवा, श्वास पोटात सोडा. हात निघाल्यावरही जागच्या जागी उभे राहिलात, तर पाय जमीन धरायला लागलेत. गोजू-र्यू या कराटे शैलीतल्या सानचिन कातात (काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली) शिक्षक खांदे, पाठ, मांड्या हातानं तपासतात, तेही हेच बघायला. काही ठिकाणी त्या नावाखाली मुलांना जोरजोरात फटके मारतात, ते मला अजिबात पटत नाही. हात ठेवला तरी सगळं कळतं.

बाकीच्या चुका लहान. झेनकुत्सुत दोरीवरून चालल्यासारखी दोन्ही पावलं एका रेषेत ठेवू नका, मध्ये खांद्याएवढी रुंदी हवी. किबा-दाचीत पावलं समांतर. श्वास कोंडू नका. स्वतःच्या पायांकडे बघत राहू नका. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून तर सराव नकोच.

महिन्याभरात पवित्रा बसवून देतो म्हणणाऱ्या व्हिडिओंवर माझा विश्वास नाही. गिचिन फुनाकोशी 1922 साली ओकिनावाहून टोकियोला गेले आणि तिथे कराटे रुजवलं. त्या माणसानं तरुणपणी नाइहांचीच्या तीन कातांवर दहा वर्षं घालवली होती. हे काता बाजूला सरकत जवळजवळ सगळे एकाच पवित्र्यात होतात. आपली मुलं तीन महिन्यांत पुढचा बेल्ट मागतात.

घरी रोज दोन मिनिटं पुरतात. उंच पवित्रा, अनवाणी पाय, गुडघ्यांवर लक्ष. मांडी थरथरली तरी चालेल, पण गुडघ्यात बारीकशी कळ आली की लगेच उठायचं आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायचं.