वर्गातले विज्ञान प्रयोग : कोल्हापूरच्या हवेत काय जमतं, कधी जमतं

जुलैत कोल्हापुरात फुगा भिंतीला चिकटत नाही. लोकरीवर घासा, डोक्यावर घासा, पडतो तो पडतोच. हवेतल्या बाष्पाचा पातळ थर फुग्यावर, भिंतीवर, हातावर बसलेला असतो आणि घासून आणलेला विद्युतप्रभार त्या थरावरून निसटून जातो. मुलं म्हणतात, "सर, होत न्हाई," आणि फळ्यावर मात्र "निरीक्षण : फुगा चिकटतो" असं लिहिलं जातं. त्यापेक्षा प्रयोग हंगाम बघून लावावेत. धड्यांचा क्रम पुस्तकातला राहू दे. प्रयोगांचा क्रम आपल्या गावच्या हवेचा असावा.

जून-जुलै : पाण्याचा दाब

पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की घराघरात बंधाऱ्याचीच चर्चा असते, त्यामुळे दाबाचा धडा याच दिवसांत घ्यावा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या खाचांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. सगळ्यात जास्त दाब तळाच्या बरग्यावर येतो. तो का, हे बाटलीत दाखवता येतं, पण एक ग्यानबाची मेख आहे.

दोन लिटरची सरळ बाजूची बाटली घ्या आणि गळा कापून टाका. तळापासून ६, १२ आणि १८ सेंमीवर तीन भोकं पाडा. भोकं एकाच उभ्या रेषेत नकोत, बोटभर बाजूबाजूला हवीत, नाहीतर धारा एकमेकींत मिसळतात. खिळा चिमट्यात धरून तापवा आणि साधारण ३ मिमीचं भोक पाडा. प्लॅस्टिकची कड आत वळली असेल तर ब्लेडने साफ करा. कड राहिली की धार तिरकी जाते. भोक २ मिमीपेक्षा लहान झालं तर पाणी धार धरतच नाही, बाटलीला चिकटून खाली ओघळतं. तिन्ही भोकांवर एकच उभी सेलोटेप लावा, २४ सेंमीपर्यंत पाणी भरा आणि पट्टी खालून वर ओढा. एका मुलाने तांब्याने पाणी घालत पातळी २४ सेंमीवरच ठेवायची.

आता मेख. बाटली टेबलावर ठेवली आणि धारा टेबलावरच पडू दिल्या, तर सगळ्यात लांब जाते ती मधली धार. वरची आणि खालची जवळजवळ एकाच जागी पडतात. हिशोबाने मधली २४ सेंमी, बाकीच्या दोन्ही सुमारे २१ सेंमी. पुस्तकातल्या चित्रात तर खालची धार सगळ्यात लांब दाखवलेली असते! खालच्या भोकातून पाणी खरंच सगळ्यात वेगाने निघतं, पण ते लगेच टेबलावर आदळतं. लांब जायला त्याला वेळच मिळत नाही. वरच्या धारेला पडायला वेळ मिळतो, पण तिला वेग नसतो.

उपाय सोपा आहे. बाटली टेबलाच्या अगदी कडेला ठेवून धारा जमिनीवर पडू द्या. टेबल ७५ सेंमी उंच असेल तर हिशोबाने वरची धार ४७, मधली ६५ आणि खालची ७६ सेंमीवर पडते. प्रत्यक्षात प्रत्येक आकडा थोडा कमी भरेल, कारण भोकाच्या कडेशी पाण्याचा वेग मार खातो. क्रम मात्र बदलत नाही.

आमचं मत विचाराल तर दोन्ही मांडण्या दाखवाव्यात, आधी टेबलावरची. "मधलीच लांब का गेली?" यावर सातवीच्या वर्गात पंधरा मिनिटं भांडण चालतं, आणि त्या भांडणात वेग आणि पडायचा वेळ या दोन गोष्टी मुलं स्वतःच वेगळ्या करतात.

हळदीचा कागद

पावसात बाहेर जाता येत नाही तेव्हा हा घ्यावा. एक चमचा हळद ५० मिली हँड सॅनिटायझरमध्ये किंवा स्पिरिटमध्ये ढवळा. सॅनिटायझर पातळ हवं, जेलवालं नको. गाळ खाली बसू द्या आणि वरच्या पिवळ्या द्रवात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवा. जवळपास विस्तव नको. पाण्यात हळद विरघळत नाही, नुसती तरंगते, म्हणून पाण्यातला कागद डागाळ होतो. पट्ट्या सावलीत वाळवा. उन्हात हळदीचा रंग उडतो.

चुन्याची निवळी, साबणाचं पाणी, धुण्याचा सोडा यांनी कागद लालसर तपकिरी होतो, आणि त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा. गोंधळ होतो खाण्याच्या सोड्यापाशी. तो इतका सौम्य आहे की रंग धड बदलत नाही, धड राहत नाही. पहिल्या तासाला तो टेबलावर ठेवूच नका. दुसरी अडचण अशी की लिंबू, चिंचेचं पाणी आणि साधं पाणी या तिन्हींत कागद पिवळाच राहतो, म्हणजे हळद आम्ल ओळखत नाही. त्यासाठी लाल जास्वंदीच्या पाच-सहा फुलांच्या पाकळ्या कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. हे पाणी आम्लात गुलाबी-लाल होतं, अल्कलीत हिरवट. दोन दिवसांत नासतं, तेव्हा त्याच सकाळी करावं.

मेणबत्ती आणि पेला

परातीत दीड सेंमी रंगीत पाणी, मधोमध पाच-सहा सेंमीची मेणबत्ती, त्यावर काचेचा उंच पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं. "हवेत पाचवा हिस्सा ऑक्सिजन, तो जळला, म्हणून पाणी पाचवा हिस्सा चढलं" हे स्पष्टीकरण वर्षानुवर्षं चालत आलंय. ते चुकीचं आहे आणि मुलांकडूनच मोडून घेता येतं.

त्यांना फक्त एवढंच बघायला सांगा : पाणी कधी चढतं? ज्योत जळत असताना फारसं चढत नाही. ज्योत विझली की भराभर चढतं. पेला ठेवताना कडेखालून बुडबुडे निघतात तेही दाखवा. गरम होऊन फुगलेली हवा तिथून बाहेर जाते. ज्योत विझल्यावर आत उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मग तोच पेला तीन मेणबत्त्यांवर ठेवा. ऑक्सिजन तेवढाच आहे, पाणी मात्र जास्त चढतं. शिवाय मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच विझते आणि जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे वरच्या वर्गाला सांगावं. पेला जाड काचेचा नको, तडकतो. स्टीलचा तर नकोच, कारण आतलं काही दिसत नाही.

पाणी शंभरला उकळत नाही

हा प्रयोग कधीही करा. चंचुपात्रात २०० मिली पाणी, प्रयोगशाळेचा ११० अंशांचा तापमापक स्टँडला टांगलेला. त्याचा फुगा पाण्यात पूर्ण बुडालेला, पण तळाला न टेकलेला. टेकला तर तो पाण्याचं नाही, भांड्याच्या तळाचं तापमान सांगतो. तापाचा थर्मामीटर चुकूनही वापरू नका, फुटतो.

दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहायचा. पन्नास-साठ अंशांना जे बारीक बुडबुडे दिसतात ती पाण्यात विरघळलेली हवा असते, उकळी नव्हे. पुढे आकडा ९८च्या आसपास येऊन थांबतो. ज्योत मोठी केली तरी हलत नाही. इथे बरेच जण तापमापकाला नावं ठेवतात आणि वहीत १०० लिहून घेतात. तसं करू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. म्हणजे ९८ हेच बरोबर उत्तर आहे.

सहल पन्हाळ्याला जाणार असेल तर तापमापक आणि छोटा स्टोव्ह बरोबर घ्या. गड शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे, तिथे आकडा ९७ च्या जवळ येतो. तापमापक मात्र तोच हवा. दोन तापमापकांतच एका अंशाचा फरक असू शकतो आणि मग सगळं मुसळ केरात. मिठाने उत्कलनबिंदू वाढतो हे एका चमच्याने दिसत नाही : २०० मिलीत ६ ग्रॅम मिठाने जेमतेम अर्धा अंश वाढतो. चार चमचे घाला, मग दोन अंश वाढलेले दिसतील.

ऊन मिळेल तेव्हा सावली

कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : ६-७ मे आणि ५-६ ऑगस्टच्या सुमारास. मे महिन्यात सुट्टी, ऑगस्टमध्ये ढग. तरीही ३० सेंमीचा पीव्हीसी पाइप ओळंब्याने उभा करून ठेवाच. उघडीप मिळाली तर ऑगस्टमध्ये १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास सावली नाहीशी होते. दिवस एक-दोन मागेपुढे झाला तरी चालतं, दीड-दोन दिवसांनी सावलीत जेमतेम तीन मिमीचा फरक पडतो. वेळ मात्र चुकवून चालणार नाही, चार मिनिटांत सावली पाच मिमी वाढते.

नोव्हेंबर : कवडसा

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव, म्हणजे मावळतीचे किरण थेट मूर्तीवर पडण्याचा सोहळा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा दोनदा होतो. मावळतीचं ऊन दोन्ही वेळा त्याच दिशेने का येतं? १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या दोन्ही तारखा २२ डिसेंबरपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. हे वर्गाच्या भिंतीवर मोजता येतं.

पश्चिमेच्या खिडकीला पुठ्ठा लावा आणि त्यात ५ मिमीचं भोक पाडा. समोरच्या भिंतीवर पडलेल्या कवडशाच्या मध्यावर पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. पुठ्ठा आणि खिडकीचं दार फेब्रुवारीपर्यंत हलता कामा नये. दार नक्की कुठवर उघडायचं त्याची खूण फरशीवर करून ठेवा. झाडलोट करणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा.

हा प्रयोग फसतो तो घड्याळामुळे. १० नोव्हेंबरला ४:१७ वाजता केलेली खूण फेब्रुवारीतही ४:१७ लाच बघितली तर कवडसा भलतीकडे असतो. घड्याळ वर्षभर सारखं चालतं, पण सूर्य माथ्यावर यायची वेळ मागेपुढे होते. कोल्हापुरात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१७ असते, तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला १२:४७. दोन्ही दिवशी माध्यान्हीनंतर चार तासांनी बघायचं, म्हणजे एकदा ४:१७ ला आणि एकदा ४:४७ ला. मग कवडसा जुन्या खुणेवर येऊन बसतो.

याच मांडणीत भोक चौकोनी करा, त्रिकोणी करा. भिंत पाच मीटरवर असेल तर कवडसा गोलच पडतो, सुमारे पाच सेंमीचा. ते भोकाचं चित्र नाही, सूर्याचं आहे. कागद भोकाच्या वीतभर अंतरावर आणला की त्रिकोण दिसायला लागतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी : फुगे बाहेर काढा

आता दुपारची हवा कोरडी असते. तेल लावलेल्या केसांवर फुगा घासून उपयोग नाही. लोकरीची टोपी किंवा स्वेटर वापरा. फुग्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं साधन म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीच्या दोन लांब पट्ट्या. दोन्ही एकाच कापडाने घासा आणि वरची टोकं एकत्र धरा, खालची टोकं एकमेकींपासून लांब पळतात. प्रतिकर्षण इतकं ठळक दुसऱ्या कशात दिसत नाही.

याच दिवसांत लिंबावर एलईडीही लावून घ्या. लिंबू टेबलावर दाबून लोळवा म्हणजे आतल्या फोडी फुटून रस सुटतो. प्रत्येक लिंबात एक जस्त चढवलेला खिळा आणि एक सोललेली तांब्याची तार खुपसा. आत दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. साधा लोखंडी खिळा घेतला तर दाब निम्म्यावर येतो, आणि बहुतेक वर्गांत प्रयोग तिथेच अडतो. एका लिंबाचे साधारण ०.९ व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला सुमारे १.८ लागतात, पण जोडल्यावर दाब उतरतो, म्हणून चार लिंबं एकापुढे एक जोडा : एकाचा खिळा दुसऱ्याच्या तारेला. एलईडीचा लांब पाय शेवटच्या मोकळ्या तांब्याला. पांढरा किंवा निळा एलईडी घेऊ नका, त्यांना तीन व्होल्टच्या आसपास लागतात. टॉर्चचा बल्ब तर किती लिंबं जोडली तरी लागत नाही, कारण त्याला लागणारा विद्युतप्रवाह लिंबं देऊच शकत नाहीत.

प्रकाश मंद असतो. खिडक्या लावा, एलईडीभोवती काळ्या कागदाची नळी धरा आणि आत बघायला मुलांची रांग लावा. विजेची ऊर्जा लिंबातून नाही, विरघळणाऱ्या जस्तातून येते. खिळा बाहेर काढून पुसला की त्याची चकाकी गेलेली दिसते. ही लिंबं सरबताला वापरायची नाहीत, जस्त रसात उतरलेलं असतं. तास संपायच्या आत ती मोजून कचऱ्यात टाका, नाहीतर मधल्या सुट्टीत मीठ लावून कुणीतरी खातंच.